जुन्या वेषातली नवी घरं

लंडनमधल्या एखाद्या जुन्या रस्त्यावर उभे असाल तर दारावरची नक्षी नंतर बघा, आधी खिडक्या बघा. तिथल्या जुन्या खिडक्या आपल्यासारख्या बाहेर उघडत नाहीत. दोन झडपा एकीपुढे एक बसवलेल्या असतात आणि त्या दोरी-वजनांवर वरखाली सरकतात. हिला सॅश खिडकी म्हणतात. प्रत्येक झडपेत छोटी छोटी सहा तावदानं असतील, तर घर बहुधा व्हिक्टोरिया राणी गादीवर यायच्या आधीच्या धाटणीचं. दोनच मोठी तावदानं, किंवा एकच अखंड काच असेल आणि वरच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यांतून लाकडाची दोन शिंगं लोंबत असतील, तर घर व्हिक्टोरियन असण्याची शक्यता दाट.

ही शिंगं शोभेची वाटतात, पण त्यांना काम आहे. काच मोठी झाली तशी जड झाली. तावदानांमधल्या लाकडी पट्ट्या गेल्या, त्यांच्याबरोबर चौकटीचा आधारही गेला, आणि सांधे निखळायला लागले. मग सुतारांनी चौकटीची उभी लाकडं सांध्याच्या पुढे बोटभर वाढवून ठेवली, म्हणजे सांधा पक्का राहतो. टोक बाहेर आलंच आहे तर त्याला छान वळण दिलं. बघणाऱ्याला ती जुनी नक्षी वाटते. असते ती नव्या काचेची गरज.

व्हिक्टोरियन घराकडे बघताना हे शिंग लक्षात ठेवा. राणीचं राज्य १८३७ ते १९०१. चौसष्ट वर्षांत इतक्या तऱ्हांची घरं बांधली गेली की 'व्हिक्टोरियन शैली' असं एकच काही दाखवता येत नाही. कुठे चर्चसारख्या टोकदार कमानी, कुठे इटलीतल्या हवेल्यांची नक्कल, कुठे लाल विटा आणि पांढरं लाकूडकाम. एक खोड मात्र जवळपास सगळ्यांत सापडते. घर दिसतं आजोबा-पणजोबांच्या काळातलं, आणि उभं असतं कालपरवा कारखान्यातून आलेल्या सामानावर.

हे सामान आलं कुठून, त्याची सुरुवात करांपासून करावी लागते. ब्रिटनमध्ये १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. खिडक्या जास्त तितका कर जास्त, म्हणून लोकांनी चांगल्या खिडक्या विटांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या खिडक्या आजही जुन्या भिंतींवर दिसतात. काचेवर वजनानुसार वेगळी जकात होती. वॉलपेपरवर १७१२ पासून कर, विटांवर १७८४ पासून. म्हणजे घराला उजेड हवा, भिंत हवी, भिंतीला सजावट हवी, प्रत्येक गोष्टीला सरकारचा हात पुढे. हे चारही कर पंधरा वर्षांत उठले: वॉलपेपरचा १८३६ मध्ये, काचेचा १८४५ मध्ये, विटांचा १८५० मध्ये आणि खिडक्यांचा १८५१ मध्ये.

त्याच १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरलं. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टनने जी इमारत उभी केली ती म्हणजे क्रिस्टल पॅलेस. पॅक्स्टन मूळचा माळी. एका सरदाराच्या बागेत काचेची रोपघरं बांधत तो शिकला होता, आणि तीच युक्ती त्याने प्रचंड आकारात वापरली: बिडाचे खांब, सुमारे तीन लाख तावदानं, सगळे भाग आधी कारखान्यात बनवून जागेवर जोडलेले. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. काचेचं घर असू शकतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि घरी जाऊन आपल्यालाही थोडं हवं असं म्हटलं. मध्यमवर्गीयांच्या बैठकीच्या खोलीला रस्त्याकडे पुढे झुकणारी तीन बाजूंची खिडकी आली, श्रीमंतांच्या घरामागे काचेची रोपखोली आली, आणि ज्यांना दोन्ही परवडत नव्हतं त्यांच्या टेबलावर काचेची पेटी आली. नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरला कळलं होतं की शहरातल्या काजळीने मरणारं नेचं, म्हणजे फर्न, बंद काचेत टिकतं. त्यावरून घराघरांत नेचे जपण्याचं वेडच लागलं. (याच पेट्यांतून पुढे चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली. बैठकीतल्या शोभेच्या वस्तूने आपल्या सकाळीही बदलल्या, त्या अशा.)

दुसरी गोष्ट रेल्वे. तोवर गावचं घर गावच्या दगडाचं किंवा गावच्या मातीच्या विटेचं असे. आता वेल्सची काळी स्लेट कुठल्याही शहराच्या छपरावर चढली. १८५८ मध्ये हॉफमन भट्टीचं पेटंट झालं. त्या भट्टीत आग गोल गोल फिरत राहते आणि भट्टी कधी थंड करावी लागत नाही. अशा भट्ट्या जसजशा पसरल्या तसतशा एकसारख्या विटा ढिगांनी मिळू लागल्या. लाल, पिवळ्या, काळपट अशा वेगवेगळ्या रंगांच्या विटा एकाच भिंतीत पट्टे काढून लावायची चैन आता साध्या घरालाही परवडणारी झाली.

आणि ही घरं बांधली कोणी? नावाजलेल्या वास्तुकारांनी फार थोडी. बहुतेक रस्ते छोट्या बिल्डरांनी बांधले. जमीन एखाद्या उमरावाची, भाडेपट्टा बऱ्याचदा ९९ वर्षांचा; कर्ज काढून दहा-बारा घरांची एक सलग ओळ उभी करायची आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. घरं आतून जवळपास सारखीच. रस्त्याकडची रुंदी महाग म्हणून घर अरुंद आणि उंच. पुढे पाहुण्यांची बैठक, मागे जेवणाची खोली, त्यामागे स्वयंपाकघर आणि भांडी घासायची मोरी, वर झोपायच्या खोल्या, अगदी वर पोटमाळ्यावर मोलकरीण. मग गिऱ्हाइकाने शेजारचं सोडून हेच घर का घ्यावं? तर दर्शनी नक्षीसाठी. बिल्डर कॅटलॉग उघडायचा आणि त्यातून खांबांवरची पानं-फुलं, भाजक्या मातीचे मुखवटे, दारातली रंगीत काच, ओटीवरच्या नक्षीदार फरश्या मागवायचा. आपल्याकडे लग्नाच्या हॉलला थर्माकोलचे खांब लावतात त्यापेक्षा हे टिकाऊ होतं इतकंच, वृत्ती तीच. विश्वास बसत नसेल तर अशा घराच्या मागच्या गल्लीत जा. पुढची सगळी हौस मागे एकदम संपते: साधी पिवळी वीट, उघडे नळ, नक्षी शून्य.

वरच्या वर्तुळात मात्र शैलीवरून अक्षरशः धर्मयुद्ध चाललं होतं. ऑगस्टस प्युगिन हा तरुण वास्तुकार म्हणे, मध्ययुगातली टोकदार कमानींची गॉथिक पद्धतच खरी, कारण तिच्यात इमारत आपला सांगाडा लपवत नाही. ब्रिटिश संसदेच्या आजच्या इमारतीतली आतली सजावट त्याचीच. जॉन रस्किन या टीकाकाराने व्हेनिसच्या वास्तूंची इतकी मोहिनी घातली की लंडनच्या उपनगरांत टोकदार कमानी आणि पट्टेदार विटांची साथ पसरली. १८७२ च्या सुमारास स्वतः रस्किनच वैतागून लिहितो, की आपल्या घराभोवतालच्या प्रत्येक स्वस्त बंगल्यात आणि दारूच्या गुत्त्यावरही व्हेनिसच्या खांबांची भिकार नक्कल दिसते आणि याला आपणच कारण. मला या गृहस्थाची दया येते. हाताने घडवलेल्या दगडाचं माहात्म्य सांगायला निघाला आणि कॅटलॉगवाल्यांचा धंदा वाढवून बसला.

आता आत येऊ. खरं धाडस भिंतींवर आहे.

व्हिक्टोरियन बैठकीची भिंत अनेकदा तीन थरांत विभागलेली असे. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत एक, मध्ये मुख्य पट्टा, वर छतालगत तिसरा; प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि मध्ये लाकडी पट्ट्या. खालची पट्टी खुर्च्यांचे धक्के सोसायला, वरची चित्रं टांगायला. १८३९ मध्ये लँकशरमधल्या एका कारखान्याने वॉलपेपर छापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि कर तर गेलेलाच होता. १८३४ मध्ये वर्षाला दहा लाखांच्या आसपास बनणाऱ्या कागदाच्या गुंडाळ्या १८६० पर्यंत नव्वद लाखांच्या घरात गेल्या. शिवाय फ्रेडरिक वॉल्टन होता. रंगाच्या उघड्या डब्यात जवसाच्या तेलावर जी साय धरते ती बघून त्याला जमिनीवर अंथरायचं लिनोलियम सुचलं, आणि १८७७ मध्ये त्याने त्याच तेलाची उठावाची नक्षी असलेलं भिंतीचं आवरण आणलं, लिंक्रस्टा. दिसायला कोरीव लाकूड किंवा दाबून नक्षी काढलेलं चामडं, आणि ओल्या फडक्याने पुसता येई. कोळशाच्या शहरात हा गुण मोठा.

याच भिंतीत विषही होतं. शीले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबं आणि आर्सेनिक, म्हणजे सोमल, यांपासून झळझळीत हिरवा रंग बनवला होता. तो आणि त्याचा सुधारलेला भाऊबंद वॉलपेपरमध्ये सर्रास वापरला जाई. कागदाची धूळ उडे, आणि दमट भिंतीवर बुरशी धरली की ती बुरशी आर्सेनिकचा वायू करून हवेत सोडे. हे १८९० च्या दशकात गोसिओ या इटालियन संशोधकाने दाखवलं. त्याआधीच डॉक्टर ओरडत होते. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातली मुलं दगावली तेव्हा बोट हिरव्या कागदाकडे गेलं. विल्यम मॉरिस, ज्याच्या फुलावेलींच्या नक्ष्या आज मगपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळीकडे दिसतात, त्याच्या घराण्याचे पैसे डेव्हनमधल्या ज्या तांब्याच्या खाणीत होते तिथून आर्सेनिकही निघत असे आणि तो स्वतः काही वर्षं तिच्या संचालक मंडळावर होता. डॉक्टरांचं म्हणणं त्याला थोतांड वाटे. अखेर गिऱ्हाईक बिचकलं, म्हणून कारखानदार 'आर्सेनिक नसलेला कागद' अशी जाहिरात करायला लागले.

पण मॉरिसचं एवढंच सांगितलं तर अन्याय होईल. १८५९-६० मध्ये फिलिप वेब या वास्तुकाराने त्याच्यासाठी बेक्सलीहीथला लाल विटांचं 'रेड हाउस' बांधलं. गिलावा नाही, खोटा दगड नाही, आतलं सामान मित्रांनी मिळून रंगवलेलं. यंत्राच्या नक्षीविरुद्धचं ते बंड होतं. त्यातून १८६१ मध्ये त्यांची घरसजावटीच्या सामानाची कंपनी निघाली. अडचण एकच झाली: हाताचं काम महाग पडतं. कष्टकऱ्यांना सुंदर वस्तू मिळाव्यात म्हणून धडपडणाऱ्या माणसाची गिऱ्हाइकं म्हणजे बव्हंशी श्रीमंत.

यंत्रांशी सोयरीक ज्याने उघडपणे केली तो विल्यम आर्मस्ट्राँग, न्यूकॅसलचा तोफा आणि पाण्याच्या दाबावरच्या क्रेन बनवणारा कारखानदार. नॉर्थम्बरलंडच्या डोंगरात त्याचं क्रॅगसाइड हे घर आहे. नॉर्मन शॉ या वास्तुकाराने १८६९ पासून त्याचा विस्तार केला. उतरती छपरं, उंच धुराडी, काळ्या लाकडाच्या चौकटी. बघणाऱ्याला वाटावं पिढ्यान्पिढ्या वाढत गेलेला वाडा. आत मात्र पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट, स्वयंपाकघरात त्याच दाबावर फिरणारी मांस भाजायची सळई, तळाशी तुर्की हमाम. १८७८ मध्ये आर्मस्ट्राँगने तळ्याच्या पाण्यावर डायनॅमो फिरवून चित्रदालनात विजेचा दिवा लावला. जलविद्युतवर उजळलेलं हे जगातलं पहिलं घर. १८८० मध्ये न्यूकॅसलजवळ राहणाऱ्या जोसेफ स्वानचे नवे बल्ब आले. ग्रंथालयात त्याने तांब्याच्या मिनाकाम केलेल्या फुलदाण्यांवर दिवे बसवले. फुलदाणी पाऱ्याच्या छोट्या वाटीत ठेवली की वीज जोडली जाई, उचलली की दिवा बंद. आजच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला घाम फुटेल.

साध्या घरांत तेव्हा गॅसचे दिवे होते. त्यांनी खोली तापे, हवा कोंदट होई, छत काळं पडे. छताच्या मध्यावर प्लास्टरचं जे मोठं फूल दिसतं त्यात कित्येकदा गरम हवा बाहेर जायला भोकं असत. पुन्हा तेच, शोभेच्या आड यंत्रणा. अॅस्पिडिस्ट्रा नावाचं झाड घरोघरी असायचं कारणही हेच, गॅसमध्ये तग धरणारं ते एक. संडासाची कथा स्वतंत्र लेखाची आहे. इथे इतकंच, की १८५१ च्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्जने पाणी ओढायचे सार्वजनिक संडास ठेवले आणि ८,२७,२८० लोकांनी एकेक पेनी मोजून ते वापरले. आणि १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉनने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढून त्याला आइसलंडच्या उष्ण झऱ्यावरून नाव दिलं: गीझर. पहिल्या गीझरला धूर बाहेर जायला नळीच नव्हती, म्हणजे आंघोळ करणाऱ्याने जीव मुठीत धरायचा. ब्रिटनमध्ये आज कोणी गीझर म्हणत नाही, बॉयलर म्हणतात. तो शब्द आपण सांभाळला, तांब्याचा बंब मोडीत काढून.

सर्वांत वेडी घरं बघायची असतील तर लंडनच्या हॉलंड पार्क भागात जावं. चित्रकार फ्रेडरिक लेटन याने तिथल्या आपल्या घराला १८७७ पासून चार वर्षं खपून एक अरबी दालन जोडलं. भिंतींवर दमास्कसच्या जुन्या फरश्या, मध्ये कारंजं, वर सोनेरी घुमट, बाहेर लंडनचा पाऊस. एवढ्या मोठ्या घरात मालकासाठी झोपायची खोली एकच, कारण पाहुणा मुक्कामाला ठेवायचाच नव्हता. जवळच विल्यम बर्जेस या वास्तुकाराने स्वतःसाठी टॉवर हाउस बांधलं. त्यात प्रत्येक खोलीला विषय. ग्रंथालयात मुळाक्षरं कोरली आहेत आणि त्यांतलं 'एच' हे अक्षर ओळीतून खाली घसरलेलं दाखवलं आहे. लंडनचा सामान्य माणूस बोलताना 'ह' गाळतो, त्यावरचा विनोद. आपल्याकडे एखाद्या प्राध्यापकाने बंगल्याच्या भिंतीवर मुळाक्षरं कोरून 'ण' च्या जागी मुद्दाम 'न' बसवावा, तसा. पोरकटच विनोद, पण दगडात कोरायला हिंमत लागते.

या बर्जेसने १८६६ मध्ये मुंबईच्या कला महाविद्यालयासाठी, म्हणजे आजच्या जेजेसाठी, एक भव्य आराखडा केला होता. तो कागदावरच राहिला. पण त्याच सुमारास क्रिस्टल पॅलेसच्या कामात असलेल्या रोलंड ऑर्डिश या अभियंत्याने आखलेलं वॉटसन हॉटेल बिडाच्या सुट्या भागांत इंग्लंडहून जहाजाने मुंबईत आलं आणि काळा घोड्याजवळ जोडलं गेलं. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर वर बघायच्या आधी पायाखाली बघा: मिंटन या इंग्रज कारखान्याच्या फरश्या आहेत. लंडनच्या बिल्डरने कॅटलॉगमधून ओटीसाठी मागवलेल्या फरश्यांची ही थोरली बहीण.

अमेरिकेत हीच हौस लाकडात उतरली. वाफेवरच्या करवतींनी लाकडाची जाळी-झालर मीटरवारी कापून मिळायला लागली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकड्या तिने भरल्या. फोटोंत दिसतात ते त्यांचे भडक रंग मात्र १९६० नंतरच्या रंगाऱ्यांचे. असाच दुसरा गैरसमज पियानोच्या पायांचा: व्हिक्टोरियन लोक लाजून त्यांना झालरीच्या तुमानी घालत म्हणे. ही गोष्ट एका इंग्रज कप्तानाने १८३९ मध्ये अमेरिकेतल्या मुलींच्या शाळेबद्दल लिहिली होती, इंग्रजांनी ती अमेरिकनांना हसण्यासाठी वापरली आणि पुढे त्यांच्याच गळ्यात पडली. कापडं झाकायची ती खुर्चीच्या पाठीवर, पुरुषांच्या डोक्याचं मॅकॅसर तेल लागू नये म्हणून.

या सगळ्या घरांतलं माझं आवडतं घर केन्सिंग्टनमधलं लिनली सॅम्बोर्नचं. तो 'पंच' साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार. १८७५ मध्ये नव्या नवरीबरोबर इथे राहायला आला. पगार मध्यम, हौस अफाट. आज ते संग्रहालय आहे आणि आतलं बरंचसं सामान होतं तसंच आहे. पंखे, निळी भांडी, आणि भिंतींवर चित्रांची इतकी दाटी की कागद जेमतेम दिसतो. आधी तिथे मॉरिसचा वॉलपेपर होता. मग सोनेरी, चामड्यासारखा दिसणारा जपानी धाटणीचा कागद फॅशनमध्ये आला. तो महाग. सॅम्बोर्न दांपत्याने तो आणला, पण दिसेल तेवढ्याच जागी लावला. चित्रांच्या मागे मॉरिसचा जुना कागद तसाच राहू दिला. तिथे कोण बघायला येतंय!